मेहुण्याच्या हातातली दोरी

मामा घरात कुऱ्हाड, कुदळ, खराटा यांपैकी कशालाही हात लावत नसे. तळहाताला घट्टे पडतात, असं त्याचं म्हणणं. बायको सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आळशी माणसाला एकदा का निमित्त सापडलं, की त्याचे हात कसे लोण्यासारखे राहतात ते आमच्याकडे येऊन बघा!" शेजारीपाजारी हसत, मामाही हसे, आणि लाकडं फोडायचं काम तिच्याच गळ्यात पडे. पण निमित्त खोटं नव्हतं. मामाचं पोट त्या मऊ तळहातांवरच चालत होतं.

तो धरणावर दोरी धरायचा. पाणबुड्या पाण्यात उतरला, की त्याच्या छातीभोवती बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक वर मामाच्या हातात असे. पाणबुड्या खाली बरा आहे की नाही, त्याला काय हवंय, हे सगळं त्या दोरीतून तळहाताला कळायचं. पाणबुड्याच्या डोक्यावरच्या टोपात बोलायचं एक यंत्र मध्यंतरी आलं होतं; ते दुसऱ्याच बुडीत मुकं झालं आणि पुन्हा कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. दोरीची भाषा मात्र शेंबड्या पोरालाही पाठ होईल अशी होती. एक झटका म्हणजे मी बरा आहे. दोन झटके म्हणजे वर घ्या. आणि एकच सावकाश, लांब ओढ म्हणजे ढील द्या, मला पुढे जायचंय.

दोरी कुणी धरायची, याचा धरणावर जुना रिवाज होता. सख्ख्या भावाच्या हातात दोरी द्यायची नाही. मित्राच्या तर नाहीच नाही. दोरी धरायची ती पाणबुड्याच्या बायकोच्या भावानं. कारण सांगताना जुनी माणसं आडपडदा ठेवत नसत. भावाभावांत घरावरून काही ना काही धुसफुस असतेच, आणि मित्राचं लक्ष कधी कुठे उडेल याचा नेम नाही. मेहुण्याच्या हातून दोरी सुटली, तर बुडतो तो त्याच्याच बहिणीचा संसार. म्हणून तो डोळ्यात तेल घालून बसतो. कामासाठी नवा पाणबुड्या आला, की साहेबांचा पहिला प्रश्न असे, "मेहुणा आहे का?" नसला, तर गडी कितीही दमदार असो, त्याला परतीची वाट दाखवली जाई.

मामाच्या थोरल्या बहिणीचा नवरा पाणबुड्या. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मामा शाळा सोडून गावभर उनाडक्या करत होता. "मी होकार दिला तो मुलगी बघून नाही, तिच्या भावाचे हात बघून," असं भाऊजी चारचौघांत सांगायचे, आणि ताई फणकाऱ्यानं म्हणायची, "मग त्याच्याच गळ्यात माळ घालायची होती!" पुढे त्यांच्या मुलीनं बोबड्या बोलात मामा म्हणायला सुरुवात केली, ते ऐकून गेटवरचे, पंपावरचे, हापिसातले सगळेच मामा म्हणू लागले. आपलं खरं नाव काय, हे पगाराच्या दिवशी मामालाही आठवावं लागे.

धरण म्हातारं होतं. घडीव दगडांचं, चुन्यात बांधलेलं, कुणाच्या पणजोबांनी त्यावर दगड वाहिले असतील तर असतील. म्हातारपणी माणसाचं कुणी बघत नाही. धरणाचं उलट झालं. एके दिवशी ते ऐतिहासिक ठरलं आणि सगळ्यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. गेलं ते वरवर, तिथेच सगळी मेख होती. बुरुजांना रंग लागला, कठड्यावर दिव्यांच्या माळा लागल्या, कोनशिलेची अक्षरं सोनेरी झाली. भिंतीच्या माथ्यावर पूर्वी रूळ होते आणि त्यावर एक जुनी क्रेन चालत असे. ते रूळ उखडले आणि तिथे लोकांना फिरायला गुळगुळीत फरशी केली, बसायला बाकं टाकली. क्रेन भंगारात गेली.

त्या क्रेनचं काम काय होतं, हे बाकांवर बसणाऱ्यांना ठाऊक असायचं कारण नाही. भिंतीच्या तळाशी, खोल पाण्यात, लोखंडी दरवाजे होते. वरून चाक फिरवलं की ते खाचांमधून वरखाली होत. धरणाला काही झालं आणि पाणी घाईनं उतरवायची वेळ आली, तर सगळी भिस्त त्या दरवाज्यांवर. वर्षातून एकदा त्यांच्या खाचा साफ कराव्या लागत, उंबऱ्यावर अडकलेला गाळ आणि ओंडके काढावे लागत. त्याआधी क्रेननं एक भलंमोठं लोखंडी झाकण दरवाज्यापुढच्या तोंडावर सोडायचं. झाकण बसलं की प्रवाह थांबतो, आणि पाणबुड्या विहिरीत उतरावं तसा निवांत काम करतो. क्रेन गेल्यावर ते झाकण बागेत नेऊन ठेवलं होतं. त्याला काळा रंग दिला होता, शेजारी माहितीची पाटी होती आणि पोरं त्यावर घसरगुंडी खेळत. चीड यावी अशीच ही गोष्ट. पण बाग दिसायची सुरेख, आणि मामाही संध्याकाळी बायकोला घेऊन तिथेच जायचा.

झाकण नाही म्हटल्यावर दरवाज्यांची सफाई टळत गेली. काम पुढच्या वर्षावर, पुढच्या वर्षीचं त्याच्या पुढच्या वर्षावर, असं घोंगडं भिजत पडलं. मग एके दिवशी मधला दरवाजा थोडा उघडून पाहिला आणि तो परत बंद होईना. खाली वीतभर फट राहिली. चाकवाल्यानं अंगातली सगळी ताकद लावली, पण दरवाजा हटून बसला; खाली उंबऱ्यावर ओंडका अडकला होता. त्या फटीतून पाण्याचा फवारा भिंतीच्या दुसऱ्या अंगाला सुटायचा आणि पायथ्यावर आदळायचा. पायथ्याचे दगड एकेक करून निखळू लागले. पुराचे दिवस तोंडावर आलेले, आणि पायथ्याच्या खालच्या अंगाला वसाहत, तिच्यापलीकडे सगळं शहर.

नवे साहेब वाईट नव्हते. ते येण्याआधीच रूळ उखडले गेले होते आणि निस्तरायला हे उरले होते. ते स्वतः भाऊजींच्या घरी आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "बाहेरून क्रेन मागवलीय. पण ती कधी येईल ते मला सांगता येत नाही, आणि पायथा किती दिवस टिकेल तेही नाही. झाकणाशिवाय खाली उतरायला तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकतो."

असं बोललं की भाऊजींसारखा माणूस नाही म्हणत नाही. दमदाटी केली असती तर कदाचित म्हणाले असते.

मामानं मात्र साफ नकार दिला. "झाकणाशिवाय मी दोरी धरणार नाही," तो म्हणाला. "फटीतून पाणी ओढतंय. पाय गेला की माणूस गेला."

"मेहुणे, मी फटीसमोर जाणारच नाही," भाऊजी म्हणाले. त्यांचा मूड चांगला असला की ते मामाला मेहुणे म्हणत आणि अहोजाहो करत. "बाजूनं, भिंतीला धरून जातो. ओंडक्याला आकडा लावतो आणि बाजूला होतो. तुम्ही वरून ओढून घ्या. आपण काय आज पहिल्यांदा करतोय का हे?"

"ताई, तू तरी सांग यांना."

ताई मोरीपाशी भांडी विसळत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "मी सांगून ऐकलंय कधी कुणी या घरात? तू आहेस ना वर. मग झालं."

मामाचा विरोध तिथेच गळाला. बहिणीनं एवढा विश्वास टाकल्यावर भावानं काखा वर करायच्या तरी कशा?

सकाळ स्वच्छ होती. बाकांवर फिरायला आलेली माणसं होती, त्यांना गेटवाल्यानं मागे सारलं. भाऊजींना कातडी पोशाख चढवला, शिशाचे बूट पट्ट्यांनी घट्ट बांधले, टोप बसवला. टोपाची काच लावण्याआधी भाऊजी म्हणाले, "हात स्वच्छ आहेत ना? नाहीतर बायकोनं भांडी घासायला लावली असतील." मामाला हसू आलं नाही. पंप सुरू झाला, हवेची नळी सरसरली आणि भाऊजी शिडीवरून उतरत हिरव्या पाण्यात दिसेनासे झाले.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. एक झटका. थोड्या वेळानं पुन्हा एक झटका. आकड्याचा दोर ताणला, म्हणजे आकडा ओंडक्याला लागला. वर माणसांनी आकड्याचा दोर ओढायला सुरुवात केली. तो आधी हटेना, मग एकदम सैल पडला आणि चाकवाला ओरडला, "निघाला! ओंडका निघाला!"

नेमकं त्याच वेळी मामाच्या हातात लांब ओढ आली.

ढील द्या, पुढे जायचंय. अख्ख्या उमेदीत ही खूण त्यानं असंख्य वेळा वाचली होती. हात आपोआप सैल झाले आणि त्यानं ढील दिली. दोरी सरकू लागली. माणसाच्या ओढीला शेवट असतो. हवं तेवढं मिळालं की ती किंचित थबकते. ही थबकली नाही. दोरी सरकतच राहिली, वेगानं, आणखी वेगानं. ओंडका निघाल्यावर मोकळ्या झालेल्या फटीत पाणी मुसंडी मारून घुसलं होतं, आणि ते भाऊजींना ओढून नेत होतं. ही मागणी त्यांची नव्हतीच. मामानं किंचाळत दोरी आवळली, कठड्याच्या दगडाला टाच लावली. दोरी सालटं सोलत गेली, रक्त कठड्यावर सांडलं, तेव्हा कुठे ती थांबली.

"धरा रे! मी ढील दिली! मी दिली ढील!" तो ओरडत होता. माणसं धावली, दोरी कठड्याच्या लोखंडी कडीतून वळवून घट्ट केली.

मग एक झटका आला. भाऊजी जिवंत होते. मामानं उलट एक झटका दिला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पाठोपाठ दोन झटके आले, वर घ्या. सगळ्यांनी मिळून ओढलं. दोरी तसूभरही वर आली नाही. पाय फटीत अडकला होता, हे एव्हाना सगळ्यांना उमगलं.

चाकवाला साहेबांकडे बघत होता. ओंडका निघाला होता. दरवाजा आता खाली येऊ शकत होता. तो आला तर प्रवाह थांबला असता आणि पायथा वाचला असता. साहेबांनी तोंड उघडण्याआधीच मामा गरजला, "चाकाला हात लावलास तर खबरदार!"

"नाही लावणार," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दरवाजा उचलताही येणार नाही, ते पूर्ण आत खेचले जातील. ते झाकण आणा. बागेतलं. कसंही करून आणा."

बागेतलं झाकण भिंतीच्या माथ्यावर आणायला जे लागलं त्याचं वर्णन करताना आजही जीव तुटतो. शहरातून माल चढवायचा ट्रक आला, तर तो बाकांमुळे आत शिरेना. बाकं सिमेंटात पक्की बसवलेली. घणांनी बाकं फोडली. दिव्यांचे खांब आडवे आले, ते कापले. फिरायला आलेल्या माणसांनी अंगातले चांगले कपडे न बघता खांदे दिले. कुणी कुणाला हुकूम दिला नाही आणि कुणी मागेही राहिलं नाही. तरी वेळ जायचा तो गेलाच. एकेकाळी क्रेननं बघता बघता होणारं काम माणसांनी उन्हातान्हात घामाघूम होऊन करायचं, म्हणजे वेळ जाणारच.

आणि मामा दोरी धरून बसला होता. कुणीतरी त्याच्या हातांना फडकी बांधायला आलं, त्याला त्यानं हाकलून दिलं. फडक्यातून काय कळणार? पण तसंही काही धड कळत नव्हतं. तळहाताची कातडी उरली नव्हती. दोरीचा स्पर्श म्हणजे नुसता जाळ. झटका आला की एक होता का दोन, हे तो शेजारच्या माणसाला दोरीकडे बघायला सांगून पडताळून घेई. एक झटका. बऱ्याच वेळानं पुन्हा एक. भाऊजी थंडीनं काकडत असतील. पंपवाला घाम निथळत म्हणाला की हवा जातेय, पण नळी कुठेतरी घासतेय असं वाटतं.

झाकण कठड्यापर्यंत आलं, साखळ्या बांधायला सुरुवात झाली. तेवढ्यात दोरीला लांब ओढ आली.

मामानं दात आवळले आणि दोरी आणखी घट्ट धरली. पुन्हा लांब ओढ आली, पहिल्यापेक्षा सावकाश. ती शेवटी थबकली का? मामाला वाटलं, थबकली. मग वाटलं, छे, पाणीच आहे. सकाळीही असंच वाटलं होतं. ज्या हातांनी कधी चूक केली नव्हती, त्यांनी आजच केली होती, आणि आता तर त्या हातांत काही जाणच नव्हती. "आणखी ताणा," त्यानं बाजूच्यांना सांगितलं. "जरासुद्धा सोडू नका. पाणी ओढतंय त्यांना." त्यांनी ताणलं. तिसऱ्यांदा ओढ आली ती अगदी क्षीण होती. त्यानंतर दोरीत काहीच आलं नाही.

थोड्याच वेळात पंपवाला ओरडला की हवेचा दाब उतरला, नळी फाटली. झाकण पाण्यात गेलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ते बसलं, प्रवाह थांबला, भिंतीपलीकडच्या फवाऱ्याचा आवाज एकाएकी बंद झाला. इतक्या दिवसांनी धरण गप्प झालं. भाऊजी मग सहज वर आले, नुसत्या मामाच्या हातानं ओढले असते तरी आले असते.

टोप काढला. डॉक्टर गुडघ्यावर बसले आणि लगेच उठले. त्यांनी सांगितलं, नळी फाटल्यामुळे. साहेबांनीही तेच सांगितलं, आणि पुढे चौकशीतही तेच आलं. पण भाऊजींच्या उजव्या मुठीत चाकू होता, मिटलेली बोटं उलगडता उलगडेनात. अडकलेला बूट शिशाचा, रुंद, फटीत पाचरीसारखा बसलेला. बुटाचा वरचा पट्टा कापलेला होता. खालच्या पट्ट्यावर चाकूचं टोक निसटल्याच्या खुणा होत्या. छातीभोवतालच्या दोरीनं त्यांना वर ताणून उभं धरलं होतं. बुटापर्यंत वाकायला हातभर दोरी हवी होती. बूट कापून पाय मोकळा करायला त्यांनी ती मागितली होती, एकदा नव्हे, तीनदा.

हे तिथे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मामाच्या आलं. तो तिथेच फरशीवर बसून राहिला आणि उठवायला आलेल्या माणसांना ओळखेना.

दरवाजा दुसऱ्याच दिवशी बंद झाला. पायथ्याच्या खड्ड्यात काँक्रीट ओतलं, पुराचं पाणी आलं आणि भिंतीवरून बिनबोभाट निघून गेलं. शहराला काही कळलंसुद्धा नाही. माथ्यावर पुन्हा रूळ टाकायला मंजुरी मिळाली. माणूस गेल्यावर आपल्याकडे सगळ्याला मंजुरी मिळते.

ताईकडे माणसांची ये-जा होती तोवर मामा ओसरीवर बसून राही, पण आत जाऊन तिच्यासमोर बसायचं धाडस त्याला होत नव्हतं. वर्दळ ओसरल्यावर एका दुपारी तिनंच त्याला आत बोलावलं. खोलीत दोघंच होती. मुलगी सासरी परत गेली होती. ताईनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्याच्या हातांना पट्ट्या होत्या, म्हणून तिनं भांड्यात ओतून ते त्याच्या ओठांना लावलं, लहानपणी पाजायची तसं.

मग ती म्हणाली, "शेवटचं काय म्हणाले ते?"

मामानं याचं उत्तर तयार ठेवलं होतं. एक झटका दिला, म्हणाले मी बरा आहे. एवढं सांगितलं असतं तर तिला जन्मभर पुरलं असतं. पण दोरीची भाषा तिला त्याच्याइतकीच येत होती. लग्न झाल्यापासून ती त्या दोरीच्याच काळजीत जगत आली होती, आणि खोटं बोलताना तो कसा दिसतो हे तिला तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक होतं.

"ढील मागितली," तो म्हणाला.

"कुणी? पाण्यानं का त्यांनी?"

"पहिल्यांदा पाण्यानं. नंतर त्यांनी."

"आणि तू?"

"पहिल्यांदा दिली." मामानं पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले. "नंतर नाही दिली."

बाहेर कुणाचा तरी नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला. "मी असते तरी हेच केलं असतं," ताई म्हणाली. "एकदा तसं झाल्यावर दुसऱ्यांदा कुणाचीच छाती झाली नसती. तू स्वतःला खात बसू नकोस."

मामा हमसून हमसून रडला. त्या दिवसापासून छातीवर बसलेला दगड कुणीतरी हलवला असं त्याला वाटलं. तिनं त्याला रडू दिलं, पाठीवर हात ठेवला, त्याचं रडणं थांबेपर्यंत तो तसाच ठेवला.

"मी आत्ता म्हणाले ते मनापासून म्हणाले," ती म्हणाली. "तुझ्यावर माझा राग नाही. पण तू आता ऊठ. आणि परत येऊ नकोस."

मामानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच, तिथे काहीच नव्हतं. तो उठला. चपला पायात सरकवेपर्यंत ती उंबऱ्यात उभी होती, आणि तो फाटकाबाहेर पडल्यावर तिनं दार लावून घेतलं.